पाय ठेवायची पट्टी

डोळा लागतोय आणि लागत नाही. रविवारची दुपार, शिवणक्लासला सुट्टी, जेवण जरा जास्तच झालेलं, आणि मी पुढच्या खोलीतल्या उंच दिवाणावर आडवी झालेय. पंखा नुसता गरगरतोय, वाऱ्याचा पत्ता नाही. उघड्या खिडकीतून फाटकाच्या आतल्या बोळात लावलेली मोटरसायकल दिसते. डोळे मिटले की ती जाते, उघडले की तिथंच असते.

ती अजून माझी नाही. तेच तर ठरवायचंय. इरफान बागवान जुन्या गाड्या घेतो-विकतो, आमच्या ह्यांचा शाळेतला विद्यार्थी. काल संध्याकाळी त्यानं ती इथं आणून लावली आणि म्हणाला, "काकी, एक दिवस घरात ठेवा, चालवून बघा. उद्या उन्हं उतरली की येतो. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मला दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." मोठी गाडी आहे, साडेतीनशेची, जुनी पण राखलेली. मागची सीट तर सोफ्यासारखी. त्याच्याकडं दुसरीही एक आहे, दोनशेची, काळी, हलकी. माझ्या ऐपतीत दोन्ही बसतात, पण ती काळी मी धड बघितलीसुद्धा नाही. तिची मागची सीट चिंचोळी, मांजर बसेल एवढी.

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेल्या बाईला मोटरसायकल कशाला. म्हणा की. अख्खं जयसिंगपूर तेच म्हणतंय. माझी जाऊ म्हणाली, "तुझी स्कूटर आहे की, भाजी आणायला." अगं बाई, मला भाजी आणायला नकोय गाडी! वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही दोघं मोटरसायकलवर लांब जायचो. हंपी, बदामी, गोकर्ण. आगुंब्याला जायचं ठरलं होतं, बॅगा भरायला काढल्या होत्या, आणि हे शाळेच्या मैदानावर कडुलिंबाखाली बसले ते उठलेच नाहीत. जिनपाल मगदूम, पी.टी.चे मास्तर, सगळ्या तालुक्याला पळायला लावणारा माणूस. दोन दिवाळ्या अंधारात गेल्या. ही तिसरी आलीय, आणि मला आगुंब्याला जायचंय. कुणाच्या मागं बसून नाही. मला मोटरसायकल येते, ह्यांनीच शिकवलीय.

फक्त काल गल्लीत चालवून बघताना वळणावर गाडी कलली आणि माझा पाय काही खाली पोचेना. समोरचे चौगुले धावत आले म्हणून बरं. पण ते होतं हो पहिल्या दिवशी. सवय होईल. मी मनातल्या मनात हीच घेऊन टाकलीय. हिला डाव्या अंगाला साडीगार्ड आहे, त्याच्या खाली बायकांना पाय ठेवायची पट्टी. सकाळी गाडी पुसताना ती पट्टी माझ्या नडगीला सणसणीत लागली, तेव्हा चिडून मी ती लाथेनंच वर दुमडून टाकली.

डोळे मिटते. उघडते.

गाडीजवळ हे उकिडवे बसलेत.

पांढरी हाफ पँट, पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. दर रविवारी बुटांना पांढरं लावायची यांची वेळ असते, ती चुकवलेली नाही. उजवा तळवा इंजिनावर ठेवून बसलेत, वैद्यानं नाडी बघावी तसे.

"गार आहे," हे म्हणतात. "चांगलं. जुनी गाडी बघायला गेलं की आधी इंजिनाला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं, विकणाऱ्यानं आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलीय. गार इंजिन कसं उठतं, ते त्याला दाखवायचं नसतं."

मला हसू यायला पाहिजे किंवा रडू. पण मला राग येतो. माझं असंच आहे.

"इतक्या दिवसांनी उगवलात आणि इंजिनाला हात लावत बसलाय?"

"मग कशाला लावू?"

"माझ्या कपाळाला लावा. ताप आहे का बघा. लोक म्हणतात, मगदूम बाईचं डोकं फिरलंय."

हे उठतात. खिडकीचे गज मध्ये आहेत, पण ते आहेत आणि नाहीत. तळवा माझ्या कपाळावर येतो. हात इंजिनापेक्षा गार आहे. मी डोळे घट्ट मिटून घेते, कारण मला माहीत आहे की हे मेलेत, आणि मला ते त्यांना कळू द्यायचं नाही.

"ताप नाही," हे म्हणतात. "ऊठ. चालवून दाखव."

"हे बूट तर मी शाळेच्या शिपायाला देऊन टाकले होते."

"हे दुसरे. ऊठ म्हणतोय ना."

मी उठत नाही, पण मी गाडीवर बसलेली आहे. बोळ रोजचाच आहे, कुंड्या, पाण्याचा पाइप, वाळत घातलेला टॉवेल. नुसता लांब झालाय. फरशीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या आहेत, सहा-सात धावपट्ट्या, आणि त्या पार लांबपर्यंत वळत गेल्यात. भिंती कधी गेल्या, मला कळत नाही. शाळेचं मैदान आहे. एकही पोरगं नाही. ध्वजाच्या खांबाला दोरी आपटतेय, पण आवाज येत नाही.

"आठ काढ," हे ओरडतात.

याच मैदानावर मी गाडी शिकले. आठचा आकडा काढायचा, पाय न टेकता. मी तेव्हा पडायची, आणि हे शिट्टी फुंकायचे, अख्खं मैदान माझ्याकडं बघायचं. किती भांडलेय मी त्या शिट्टीवरून! आता हे शिट्टी तोंडात धरतात, गाल फुगतात, पण काही वाजत नाही. तरी मी वळते. एक वळसा नीट पडतो. दुसरा लिंबाच्या बाजूनं आहे. मी हँडल फिरवून परत पहिल्याच वळशात शिरते.

"तिकडूनही घे की."

"तिकडून नाही."

"का गं?"

"तुम्हाला माहीत नाही का?"

हे लिंबाकडं बघतात. दुसऱ्या कुणाची जागा असल्यासारखं बघतात.

"तिथं काही नाही आता, त्रिशला. गवत आलंय नुसतं."

मला एवढं वाईट वाटतं की गाडी बंद पडते. गवत यायला नको होतं. कुणीतरी तिथं गवत उगवू द्यायला नको होतं. मी किक मारते, गाडी सुरू होते, आणि धावपट्टीची पांढरी रेघ आता रस्त्याच्या मधली रेघ आहे, आणि दोन्ही अंगांना ऊस आहे.

हे मागं बसलेत. मी बघितलं नाही, पण मला कळतं. माझ्या खांद्यावर हात आहे, आणि गाडीवर वजन काही नाही. आरशात बघते. हे एका अंगाला दोन्ही पाय टाकून बसलेत, डावीकडं तोंड करून, पट्टीवर बूट जोडून ठेवलेले, अगदी मी बसायची तस्से.

"असे काय बसलाय बाईसारखे?"

"तू अशीच बसायचीस की. म्हटलं बघावं काय दिसतं."

मी अशीच बसायची. सुरुवातीला साडी होती, घरात सासूबाई होत्या. नंतर सासूबाई गेल्या, साडीचा ड्रेस झाला, पण सवय मोडतेय कुठली? त्यामुळं एक गंमत झालीय. अख्खं कर्नाटक मी डावीकडूनच बघितलंय. हंपीचे डावीकडचे दगड, बदामीचं डावीकडचं तळं. उजवीकडं काही आलं की हे वाऱ्यात ओरडायचे, "त्रिशला, उजवीकडं बघ, धबधबा!" मी मान वळवेपर्यंत तो मागं गेलेला असायचा. मग मी चिडायची, आणि पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत बोलायची नाही.

"खरं सांगा," मी विचारते. "उजवीकडं काय काय होतं?"

ऊस संपतो. ऊस संपल्यावर नृसिंहवाडीचा पूल यायला पाहिजे, पण पूल येत नाही, झाडी येते. हवा ओली होते.

"मी कुठं बघितलं गं? मी खड्डे बघत होतो. तू डावी बाजू बघितलीस, मी रस्ता बघितला. उजवी बाजू राहिलीच आपली."

"आणि धबधबा?"

"तो तेवढा दिसला. एवढा मोठा होता, न दिसून काय."

मी उजवीकडं बघते. धुकं आहे. धुक्याच्या मागं काहीतरी आहे, पडतंय, आवाज येतोय, दिसत नाही. रस्ता घाटाचा आहे. चढ, वळण, कडेला लाल माती वाहून आलेली. आमच्याकडं नसते असली माती. आमची काळी, बुटाला चिकटली की आठवडाभर निघत नाही. ही लाल आहे, ओली, कुंकू भिजल्यासारखी. हा आगुंब्याचा घाट असेल का? आम्ही गेलोच नव्हतो, तर मला कसा कळणार?

वळणावर एक म्हैस आडवी उभी आहे. थांबणं भाग आहे. मी ब्रेक दाबते, डावा पाय खाली सोडते, आणि पाय पोचत नाही. कालच्यासारखाच. पण गाडी कलत नाही. सरळ उभी राहते.

खाली बघते. माझ्या चपलेच्या खाली वीतभर मोकळी जागा आहे. त्याच्याखाली लाल चिखलात ह्यांचे पांढरे बूट रुतलेत. हे उतरलेत, आणि दोन्ही हातांनी गाडी धरून उभे आहेत.

"तुम्ही धरलीय?"

"मग काय! गाडी सव्वादोनशे किलोची, आणि तू कधीची अधांतरी."

"मग धराच की. बिघडलं कुठं?"

म्हैस जाते. हे परत मागं बसतात, चिखलाचे बूट पट्टीवर ठेवतात, आणि चुकचुकतात. बूट खराब झाले की हे असेच चुकचुकतात.

"पट्टी घाण झाली इरफानच्या गाडीची."

"होऊ दे. मी घेणार आहे ती."

"का घेणार आहेस?"

"चांगली आहे म्हणून. इंजिन गार होतं. तुम्हीच म्हणालात."

"इंजिन चांगलंच आहे. टायर चांगले, चेन चांगली. का घेणार आहेस?"

मास्तर माणूस. वर्गात पोराचं उत्तर चुकलं की हे चूक सांगायचे नाहीत, तोच प्रश्न परत विचारायचे. मला घरात हे चालायचं नाही आणि इथंही चालत नाही.

"मागची सीट मोठी आहे म्हणून!" मी ओरडते. "झालं समाधान?"

"मागं कोण बसणार आहे?"

धुक्यात गाडी चाललीय. माझे डोळे भरून आलेत, समोरचं काही दिसत नाही, आणि तरी वळणं आपोआप जातायत. तुम्हाला सांगते, ह्यांना जाळून आलो त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नाही. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. चहा कुणाला मिळाला, कुणाला नाही, ते बघायचं होतं.

"मला तुम्ही पाहिजे आहात," मी म्हणते. "गाडी नकोय मला. आगुंबं पण नकोय. तुम्ही पाहिजे."

"ते इरफानकडं मिळत नाही गं."

असं म्हणून हे हसतात. त्यांचं हसणं नाकातनं यायचं, तसंच येतं. मग थांबतं. खांद्यावरचा हात हलका होत चाललाय.

"ती काळी घे," हे म्हणतात. "हलकी आहे. सीटवर बसलीस की दोन्ही पाय सपाट खाली पोचतील. वर्षातनं एकदा जाणार, एकटी जाणार. पडलीस तर तुझी तुला उचलता आली पाहिजे. तिथं चौगुले नाहीत धावत यायला."

"आणि तुम्ही?"

"मी आलो की इथवर."

"इथवर म्हणजे कुठवर?"

पुढं उतार आहे. उताराच्या तळाला धुकं जाड, पांढरं, आणि त्यात रस्ता दिसत नाही. गाडी वेग घेते. मी ब्रेक दाबते.

"आता मी पाय नाही लावणार," कानाशी आवाज येतो, घाटातल्या वाऱ्यातून ओरडल्यासारखा. "तुझा टाक."

"थांबा ना. एवढं एक वळण. अहो!"

खांद्यावर काही नाही. आरशात मोठी, रुंद, मोकळी सीट आहे. गाडी डावीकडं कलायला लागते. मी पाय खाली टाकते. जमीन नाही. पाय जातोय, खाली, अजून खाली, मी पोटऱ्या ताणते, अंगठा ताणते, जमीन येत नाही, येत नाही, येत नाही...

आणि टाच फरशीवर धाडकन आपटते.

मी दिवाणावरून अर्धी खाली आलेय. कळ पार गुडघ्यापर्यंत गेलीय. पंखा गरगरतोय. तोंड कोरडं पडलंय आणि उशी ओली आहे. बाहेर कुणीतरी मिक्सर लावलाय, चटणीचा वास येतोय. जयसिंगपूर आहे. आठवी गल्ली आहे. हे नाहीत.

मी तशीच बसून राहते. कपाळाला हात लावून बघते, माझाच हात, गरम. मग लंगडत बोळात जाते. का, ते विचारू नका. झोपेतून उठलेल्या माणसाला 'का' असं विचारू नये.

गाडी होती तिथंच आहे. चावी माझ्या उशाला होती, अजून आहे.

पट्टी खाली पडलेली आहे.

सकाळी मी लाथ मारून वर केलेली पट्टी. तिचा खटका घट्ट आहे, आपली आपण खाली येणारी नाही. आणि तिच्यावर माती आहे. ओली, लाल. मातीत बुटाच्या तळव्याची नक्षी उठलीय, बारीक बारीक चौकटी, आणि कडेला पांढऱ्या रंगाचा एक ओरखडा.

आमच्या गावात लाल माती नाही हो. पाऊस जाऊनही किती दिवस झाले.

मी गाडीशेजारी फरशीवर बसते, हे बसले होते तशी. बोट पुढं नेते आणि मागं घेते. पुसेल म्हणून हात लावत नाही. क्षणभर वाटतं, घेऊनच टाकावी ही गाडी. चालवायची नाही, धुवायची नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. बोळात उभी करून ठेवायची, वर चादर टाकायची, आणि रोज दुपारी चादर उचलून बघायचं. माझ्या जावेला काय म्हणायचं ते म्हणू दे. माणूस गेल्यावर लोक फोटोला हार घालतात, मी पट्टीला घालीन.

इंजिनाला हात लावून बघते. गार आहे. किती चांगलं इंजिन आहे.

मी तिथं किती वेळ बसलेय, माहीत नाही. उन्हं भिंतीवरून वर सरकतात. फाटक वाजतं आणि इरफान येतो.

"काय ठरलं, काकी?"

मी भिंतीला धरून उठते. टाच ठणकते. तोंडातून आधी "घेते" येणार होतं, खरं सांगते. ओठांवर आलं होतं.

"नको," मी म्हणते.

इरफानचं तोंड उतरतं. "का हो? काही खोट निघाली का? सरांच्या घरात मी खोटी गाडी आणणार नाही, काकी."

"गाडीत खोट नाही रे. गाडी चांगली आहे. माझे पाय पोचत नाहीत."

तो मान हलवतो. शहाणा आहे पोरगा, ह्यांच्या हाताखालचा आहे.

"ती काळी आण," मी म्हणते. "आजच आण. उद्यापर्यंत माझं मन राहणार नाही."

"आत्ता आणतो की."

मी आतून चावी आणून त्याच्या हातात देते. तो गाडीवर बसायला वळतो, आणि त्याचं लक्ष खाली जातं. खांद्यावरचं फडकं काढून वाकतो.

"लाल माती? काकी, घाटात जाऊन आलात काय एका दिवसात!"

मी "थांब" म्हणायला तोंड उघडते. पण त्याला काय सांगू? तोवर त्यानं फडकं फिरवलेलंसुद्धा असतं. एकदा, दोनदा. आता नक्षी नाही, पांढरा ओरखडा नाही. पट्टी लख्ख. तो पायाच्या चवड्यानं ती वर ढकलतो, खटका बसतो, गाडी सुरू होते, आणि बोळातून जाते. फाटकापाशी वळताना तिची मागची सीट दिसते, आणि मग तीही दिसत नाही. मी फाटक लावून घेते आणि त्याच्यावर डोकं टेकवून रडते. समोरच्या चौगुलेबाई खिडकीतून बघतात. बघू देत.

तिन्हीसांजेच्या आधी इरफान काळी घेऊन येतो. मी आधी इंजिनाला हात लावते. गरम आहे, तो चालवतच आणणार ना, पण लावते. तो गाडी त्याच जागी लावतो, स्टँडची घोडी काढतो आणि हँडल माझ्या हातात देतो.

"बसून बघा."

मी चपला काढलेल्या आहेत, अनवाणीच बसते. सीट बुटकी, कडक. मागं काही नसल्यासारखंच आहे. मी पाय खाली सोडते, आणि जमीन लगेच येते. उजवा पाय फरशीवर सपाट. डावाही सपाट, पण त्याच्या खाली काहीतरी आहे. मऊ, चण्याएवढं, थंड. मघाच्या पुसण्यात फडक्यातून सुटून पडलेलं. माझ्या टाचेखाली ते हळूच दबतं आणि पसरतं.

मी खाली बघत नाही.

"टेकले की, काकी," इरफान म्हणतो.

"होय," मी म्हणते. "टेकले."

तो म्हणतो, उतरा आता, कागदपत्रं करू. मी म्हणते, थांब जरा. पाय उचलायला मन होत नाही.